तात्यांच्या मोटारीला वारा किती लागतो?

मोटार-सर्व्हिसच्या ऑफिसात एक गंमत असते. उतारू येतात नि जातात, मालाच्या पाट्या चढतात नि उतरतात, टायर झिजून भंगारात जातात. किस्से तेवढे जागचे हलत नाहीत. कोपऱ्यात रचलेल्या जुन्या टायरांसारखे साठत राहतात. एक काढायला जावं, तर वरचे चार गडगडत अंगावर येतात! परवा आम्ही दोघं-तिघं जुने दोस्त बसलो होतो. कुणीतरी 'वाऱ्याचा बोगदा' एवढेच दोन शब्द बोललं आणि चहा निवून गेला, तरी कुणाचा कपाला हात लागला नाही.

तेव्हा सांगूनच टाकतो.

काळ युद्धाच्या आधीचा, तीसच्या दशकातला. आमच्या तात्यांची बारामती-इंदापूर सर्व्हिस होती. गाड्या तीन. एक रस्त्यावर असायची, एक दुरुस्तीत असायची, आणि तिसरीचे पार्ट पहिल्या दोघींना उपयोगी पडायचे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, म्हणून बुकिंग, पत्रव्यवहार आणि इंग्रजीत जे काही येईल ते माझ्याकडं. सगळे मला 'रायटर' म्हणत. मिस्त्री इब्राहिमभाई. इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचे, आणि माणसांशी बोलायचे त्यापेक्षा इंजिनाशी जास्त बोलायचे. ड्रायव्हर सर्जेराव. सहा फूट उंची, वीतभर मिशी. गाडीला ब्रेक कमी होता, पण सर्जेरावांच्या तोंडाला तेवढाही नव्हता!

तर झालं असं, की इंदापूरच्या एका मालकानं नवी गाडी आणली. आमच्या गाड्या म्हणजे चाकांवर ठेवलेले पेटारे. त्याच्या गाडीचं नाक उतरतं, पाठ गोल. लोक नुसतं बघायला फाट्यावर येऊन उभे राहायचे. तात्यांचं जेवण गेलं.

त्यातच कुणी उतारू सीटवर एक इंग्रजी मासिक विसरून गेला. त्यात मोटारीचं चित्र होतं. तात्यांनी मला वाचायला बसवलं. मी वाचून मराठीत सांगितलं, की तिकडं परदेशात मोटार एका मोठ्या नळकांड्यात उभी करतात, तिच्यावर वारा सोडतात, वारा कुठं अडतो ते बघतात, आणि मग तिला गोल करतात. तेवढ्याच पेट्रोलात गाडी जास्त पळते.

तात्यांनी चित्र जवळ ओढून घेतलं. मग एकदम म्हणाले, "रायटर, आपल्या गाडीला वारा किती लागतो?"

मी म्हणालो, "पुढच्या सीटला बराच लागतो तात्या. मागं नाही लागत!"

त्यावर तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचे दोन दिवस मी त्यांच्यासमोर गेलो नाही. पंधरवड्यात पुण्याहून इंजिनिअर हजर झाले.

*

इंजिनिअरांचं नाव देवधर. स्वतः विलायतेला गेले नव्हते, पण विलायतेला जाऊन आलेल्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकले होते; आणि त्या प्रवासाचा ताठा प्रोफेसरांपेक्षा ह्यांनाच जास्त होता. पांढरी पँट, सोला हॅट, खिशात तीन पेन्सिली. माणूस मात्र कामाला वाघ! आल्या दिवशी हातपाय न धुता गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ही गाडी म्हणजे वाऱ्याचा अपमान आहे."

मग आम्हा सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बसवून त्यांनी विंड टनेल समजावलं. "मूळ कल्पना सोपी आहे. आपण गाडी चालवायची नाही. गाडी उभी करायची आणि वारा चालवायचा. परिणाम एकच!"

सर्जेराव उठले. "म्हंजे म्या घरी जाऊ?"

"अहो, बसा! हा वाऱ्याचा बोगदा असतो, बोगदा."

"बोगदा म्या बघितलाय की. खंडाळ्याचा. त्यात बोगदा जागच्या जागी आन् गाडी जाती. तुमच्यात गाडी जागच्या जागी आन् वारा जातोय!" सर्जेरावांनी तात्यांकडं वळून विचारलं, "तात्या, ह्यात उतारू कुठं जात्यात?"

*

देवधरांचं म्हणणं, आधी प्रोग्रॅम. प्रोग्रॅमशिवाय टेस्ट म्हणजे पोरखेळ. भिंतीवर दहा फूट लांब कागद ठोकला आणि तीन दिवस मीटिंग चालली. मी लिहायला.

गाडी रिकामी. गाडी भरलेली. खिडक्यांचे कॅनव्हासचे पडदे वर. पडदे खाली. वारा समोरून. वारा कुशीतून. स्टेपनी बाजूला. स्टेपनी मागं. देवधर सांगत होते, मी लिहीत होतो. तात्यांनी हट्टानं एक कलम घालायला लावलं : 'इंदापूरवाल्याची गाडी.' देवधर म्हणाले, "ती आपली नाही." तात्या म्हणाले, "म्हणूनच आदी तिलाच वारा लावा!"

सर्जेरावांनीही एक कलम सुचवलं : 'पुढच्या सीटवर फौजदार.' का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "फौजदार बसला की गाडी डावीकडं कलती, आन् म्यापण गप ऱ्हातो. दोन्हीचा फरक पडंल."

मग वेगाचा विषय निघाला. देवधरांनी कागदावर ताशी साठ मैलांपर्यंत आकडे मांडले आणि विचारलं, "सर्जेराव, आपली गाडी साठच्या वेगानं किती वेळा गेली आहे?"

"एकदाच," सर्जेराव म्हणाले. "मुंबईस्न आणली तवा. आगीनगाडीवर घालून!"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद भरला. खाली देवधरांनी सही केली, तात्यांनी सही केली. सगळे कौतुकानं भिंतीकडं बघत होते. तीन दिवसांत एक अक्षर न बोललेल्या इब्राहिमभाईंनी हात पुसत पुसत विचारलं, "सगळं झ्याक झालं. पर वारा कुठनं आनायचा?"

दहा फूट कागदावर वारा कुठंच नव्हता!

*

वारा शेवटी सांगवीहून आला. तिथं तात्यांचा मळा होता, मळ्यात उसाच्या चरकाचं ऑइल इंजिन होतं. गुऱ्हाळ बंद होतं तेव्हा ते बैलगाडीत घालून बारामतीला आणलं. गुळाचं रिकामं गोदाम साफ केलं. कऱ्हाटीच्या नामदेव सुतारांनी फळ्यांचा लांबलचक चौकोनी बोगदा केला, आत माणूस वाकून जाईल एवढा. एका टोकाला लाकडी पंखा, पंख्याला पट्टा, पट्ट्याला इंजिन. इब्राहिमभाईंनी आठ दिवस घाम गाळला.

सुरू करायच्या दिवशी तात्यांनी नारळ फोडला. दुसऱ्या टोकाच्या तोंडाशी आम्ही सगळे ओळीनं उभे राहिलो, पहिला वारा अंगावर घ्यायला. मध्ये देवधर, हातात भिंतीवरनं काढलेला तो प्रोग्रॅमचा कागद. इंजिन भक् भक् करायला लागलं, पट्टा ताणला, पंखा फिरला.

वारा आला. पण समोरून नाही, पाठीमागून! आधी देवधरांची हॅट आत गेली. मग तात्यांचं उपरणं गेलं. मग दहा फूट कागद सरसर करत आत गेला आणि त्या बाजूनं चिवडा होऊन बाहेर पडला. तीन दिवसांची मीटिंग आम्ही गोदामाच्या अंगणातनं वेचून आणली.

इब्राहिमभाईंनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. चेहरा उतरलेला. "चूक माझी. पट्ट्याला पीळ पडला. पंखा फुकायच्या जागी वढाय लागलाय. आत्ता फिरवून देतो."

"थांबा," देवधर म्हणाले. त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं. बोगद्यात एक दोरा टांगला. वाकून, बसून, आडवे होऊन दोऱ्याकडं बघितलं. दोरा वाऱ्यात सरळ रेषेत ताठ आडवा झाला होता, थरथर नाही. "उलटाच राहू द्या. ढकललेला वारा दंगा करतो, खेचलेला शांत चालतो." मग उठून कपडे झटकत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मुळात असंच योजलं होतं."

तात्या फाटक्या उपरण्याकडं बघत होते. म्हणाले, "मंग टोपी कशाला घालून आला हुता?"

*

खरी गाडी बोगद्यात मावणार नव्हती, म्हणून नामदेव सुतारांना लाकडाची छोटी गाडी करायला सांगितली. देवधरांनी बजावलं होतं, हुबेहूब पाहिजे. सुतारांनी हुबेहूबच केली. डाव्या मडगार्डला म्हशीनं घातलेला पोचा केला. मागच्या दाराची लोंबणारी कडी केली. आणि स्टीअरिंगमागं सर्जेराव बसवले, घोड्याच्या केसांच्या मिशीसकट!

ही गाडी बोगद्यात छोट्या चाकांवर उभी करायची. तिच्या नाकाला बांधलेला दोर कप्पीवरून बाहेर काढून बाजारातल्या ताणकाट्याला अडकवायचा. वारा गाडीला मागं रेटणार, काटा तेवढं ओझं दाखवणार. जितका काटा कमी, तितकी गाडी गुणी. पहिल्या दिवशी आकडा बघून देवधर म्हणाले, "मिशी फडफडते आहे. कापून टाका."

सर्जेरावांचा हात स्वतःच्या मिशीकडं गेला.

"अहो, बाहुल्याची म्हणतोय मी!"

"बाहुला माझा हाय सायेब. आदी मिशीसकट बघा, मंग मिशी काढून बघा. पुरावा दाखवा, आन् मंग कातर घ्या."

म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. देवधरांना माघार घ्यावी लागली. मिशीसकट टेस्ट झाली. मिशीवर मेण चोपडून टेस्ट झाली. मिशी उपटून टेस्ट झाली. काटा तसूभर हलला नाही. मी तसं कागदावर लिहिलं, देवधरांनी खाली सही केली.

पुढं आठ दिवस सर्जेराव बारामतीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत फिरत होते, "सायन्सनं लिवून दिलंय, माझ्या मिशीला वारा आडत न्हाय!"

*

वारा दिसत नाही, ही एक अडचण होती. तो दिसावा म्हणून धूर सोडायचा, असं देवधरांनी ठरवलं. गोवऱ्यांच्या धुरानं सगळ्यांचे डोळे गेले. तेव्हा इब्राहिमभाईंनी घरनं ऊद आणला. पांढरा, संथ, सुगंधी धूर! गाडीच्या चपट्या नाकावर आपटून तो कसा उधळतो, ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही ह्या उद्योगात काहीतरी आहे असं वाटलं.

पण बाहेरच्यांना काय दिसलं? बंद गोदाम, आत घुमणारा आवाज, फटींतून येणारा उदाचा धूर, आणि मधूनच पांढऱ्या कपड्यातला एक माणूस डोळे लाल करून बाहेर येतो, दोन श्वास घेतो आणि पुन्हा आत जातो!

चौथ्या दिवशी दाराशी आठ-दहा बायका नारळ घेऊन बसलेल्या. देवधर वैतागून एका म्हातारीला म्हणाले, "आजी, इथं देव वगैरे काही नाही. इथं टेस्ट आहे, टेस्ट!"

म्हातारीनं शेजारणीला हळूच विचारलं, "टेस्टबाबा? नवाच दिसतोय गं."

सर्जेराव तिथंच बिडी ओढत उभे होते. गंभीरपणे म्हणाले, "लई कडक हाय. मंगळवारी भेटत न्हाय."

*

आता जरा वाईट भाग सांगतो.

सगळ्या टेस्टा संपल्यावर निकाल निघाला, की आमच्या गाडीला सगळ्यात जास्त वारा टपावर अडतो. म्हणजे टपावरचं लोखंडी कॅरेज आणि त्यावर रचलेला माल. देवधरांनी शिफारस लिहिली : कॅरेज काढून टाकावं, टप गुळगुळीत करावा. तात्यांना इंदापूरवाल्याची गोल गाडी दिसत होती. त्यांनी लगेच हुकूम दिला.

इब्राहिमभाई एवढंच म्हणाले, "तात्या, आपली गाडी माणसं न्हाय न्हेत. पाट्या न्हेती. माणसं पाट्यांसंगं येत्यात."

"सायन्स हाय मिस्त्री," तात्या म्हणाले. इब्राहिमभाईंनी गुपचूप पाना घेतला आणि कॅरेज उतरवलं.

पहिल्या गुळगुळीत फेरीला देवधर स्वतः पुढच्या सीटवर बसले, मी मागं. वरकुट्याच्या फाट्यावर नेहमीची बागाईतदार मंडळी उभी होती. पेरूच्या करंड्या, वांग्याच्या पाट्या, मिरचीची पोती. सगळा माल बारामतीला जाऊन दुपारची रेल्वे गाठायचा. उशीर झाला की पेरू मऊ पडतो आणि कुणी हात लावत नाही. त्यात सोनाबाई होत्या. नवऱ्यामागं चार एकर बाग एकटीनं सांभाळणाऱ्या. आमच्या सर्व्हिसची पहिली फेरी सुरू झाली तेव्हापासूनच्या उतारू.

त्यांनी गाडीच्या चारी बाजूंनी पाहिलं. "सायेब, वरचं लोखंड कुठं गेलं?"

"काढलं, बाई. वाऱ्याला अडत होतं."

"वाऱ्याला आडत हुतं!" सोनाबाईंनी डोक्यावरची करंडी खाली ठेवली. "मंग आता माझं पेरू वाऱ्यावर सोडू का?"

सगळ्यांनी माल आत घ्यायचा प्रयत्न केला. दोन करंड्या, चार पाट्या, बस्स! गाडी भरली. देवधरांच्या मांडीवर मिरचीचं पोतं आलं. बाकीची मंडळी मागून आलेल्या इंदापूरवाल्याच्या गाडीकडं वळली. तिला पाठ गोल होती, पण टपावर कॅरेज होतंच! सोनाबाई तिच्यात चढल्या. चढताना त्यांनी एकदा आमच्याकडं वळून पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात आमची गाडी जवळजवळ मोकळी पळायला लागली. देवधरांनी मात्र रिपोर्टमध्ये लिहायला लावलं, की कॅरेज काढल्यापासून पेट्रोल कमी लागतं, गाडी हलकी चालते.

मी लिहिलं. खरंच होतं ते. आत कुणी नव्हतंच ना!

*

महिना असा गेला, आणि एक दिवस तात्यांनी इब्राहिमभाईंना बोलावून सांगितलं, की सर्व्हिस आता फार दिवस चालेल असं दिसत नाही, दुसरीकडं कुठं काम बघा. सांगताना तात्या खिडकीबाहेर बघत होते. इब्राहिमभाई "बरं" म्हणाले आणि जाऊन इंजिनाखाली शिरले. त्या दिवशी ते इंजिनाशीसुद्धा बोलले नाहीत.

शुक्रवारी दुपारी नमाज आटपून आले ते थेट माझ्या टेबलाशी. "रायटर, गोदामाची किल्ली घ्या. जरा काम हाय."

गोदामात त्यांनी लाकडी गाडी काढली. तिच्या टपावर पहिल्यासारखं तारेचं कॅरेज बसवलं. खिशातनं काडेपेट्या काढल्या. ह्या करंड्या. सुपाऱ्या काढल्या. ही पोती. आधी आपण नेहमी रचतो तसा चौकोनी ढीग रचला. इंजिन सुरू केलं. काटा दाणकन पुढं!

मग त्यांनी सगळं उतरवलं आणि पुन्हा रचलं. पुढं नुसत्या सुपाऱ्या, मग एक काडेपेटी, मग एकावर एक दोन, मग तीन. आणि शेवटाकडं पुन्हा उतरतं. वरनं आपला चौकड्यांचा रुमाल ताणून चारी बाजूंनी बांधला. ताडपत्रीसारखा. गाडीच्या पाठीवर जणू कासव बसलं! इंजिन सुरू केलं आणि ते काट्याकडं पाठ करून उभे राहिले.

"रायटर, तुमीच वाचा. म्या वाचलं तर माझ्या डोळ्याला आवडंल त्येच दिसंल."

मी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. काटा मोकळ्या टपाच्या आकड्यापासून केसभरच पुढं होता.

मी आकडा सांगितला. इब्राहिमभाई खाली बसले आणि थोडा वेळ त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांच्या पाच पोरी होत्या, हे मला तेव्हा उगाचच आठवलं.

संध्याकाळी देवधरांना बोलावलं. त्यांनी उदाचा धूर सोडून पाहिलं. धूर रुमालावरनं असा घसरत गेला, जशी उतारावरनं सायकल. देवधरांनी उठून कपडे झटकले. आम्हाला वाटलं, आता म्हणणार, मी मुळात असंच योजलं होतं! पण त्यांनी हॅट काढली आणि म्हणाले, "इब्राहिमभाई, माझं चुकलं. मी गाडीला वारा किती लागतो ते मोजलं. गाडीला माल किती लागतो ते तुम्ही मोजलंत."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी स्वतःच्या हातानं कॅरेजचे बोल्ट आवळले.

*

सोनाबाई परत आल्या, बाकीची मंडळीही आली. पण सायन्सचा एक नवा ताप सुरू झाला. टपावर पुढं ठेंगणा माल, मध्ये उंच माल, मागं पुन्हा ठेंगणा, हे ठरलेलं. म्हणजे वांगी पुढं, पेरू मध्ये, मिरची मागं. त्यावरनं रोज फाट्यावर भांडणं! पेरूवाले म्हणायचे आम्ही मानाचे, आम्ही पुढं. वांगीवाले म्हणायचे आमचा नंबर आधी लागला, आम्हाला मधली जागा. शेवटी सर्जेरावांनी तोडगा काढला. सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ह्ये बघा, जागा म्या ठरवत न्हाय, तात्या ठरवत न्हायत. जागा टेस्टबाबा ठरवतो!"

त्या दिवसापासून कुणी ब्र काढला नाही.

*

आणि आता शेवटचा. ह्या किश्श्यासाठीच चहा निवला होता.

लाकडी गाडीवर खरं ठरलं, पण देवधरांना ते खऱ्या गाडीवर, खऱ्या रस्त्यावर बघायचं होतं. त्यांनी ताडपत्रीवर जागोजागी रंगीत लोकरीचे तुकडे चिकटवले. तांबडे, पिवळे, हिरवे. गाडी पळताना तुकडे ताडपत्रीला चिकटून राहिले तर वारा शांत, उधळले तर दंगा. पण हे बघणार कोण? देवधर म्हणाले, "मी. टपावर बसून."

मग त्यांच्याच लक्षात आलं, की बसलो तर मीच वाऱ्याला अडणार! म्हणून ठरलं, की मालाच्या मागं, टपावर, सरळ आडवं पडायचं.

इंदापूरहून निघालो. देवधर टपावर उताणे. पडू नयेत म्हणून इब्राहिमभाईंनी त्यांना सुंभानं दोन ठिकाणी कॅरेजला बांधलं. अंगावर धूळ बसू नये म्हणून गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढली. रस्त्याची धूळ नाकाकानांत जाते, म्हणून देवधरांनी नाकात नि कानांत कापसाचे बोळे घातले. नेमक्या त्या दिवशी मालात झेंडूच्या दोन पाट्या होत्या. त्या सगळ्यात ठेंगण्या, म्हणून शेवटी, ताडपत्रीच्या बाहेर, साहेबांच्या पायाशी! तुकडे तर झकास चिकटून राहिले होते. देवधर मान न हलवता एकेका तुकड्यावर नजर ठेवून होते.

वरकुट्याच्या फाट्यावर वाटेत बैलगाड्या आडव्या आल्या. सर्जेरावांनी गाडी थांबवली. फाट्यावर दहा-वीस माणसं होती. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

एक म्हातारबाबा पुढं आले. टपाकडं बघत हळू आवाजात त्यांनी सर्जेरावांना विचारलं, "कुनाचं रं?"

असल्या प्रश्नाची सर्जेराव जन्मभर वाट बघत होते! त्यांनी चेहरा पाडला. "इंजनेर सायबाचं."

"आरारारा! तरणाताठा हुता की! काय झालं हुतं?"

"वारं लागलं."

म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. एका बाईनं दंडवत घातलं. मी मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

तेवढ्यात टपावरून, जागचं न हलता, देवधर ओरडले, "अहो सर्जेराव! गाडी का थांबवली? वारा पडला ना सगळा! चला, चला लवकर!"

सगळा फाटा चार पावलं मागं सरला. पाट्या पडल्या, वांगी रस्ताभर झाली. जागचे हलले नाहीत ते एकटे म्हातारबाबा. त्यांनी पटका शांतपणे पुन्हा डोक्याला गुंडाळला, बैलगाडीवाल्यांना हातानं बाजूला व्हायची खूण केली आणि म्हणाले,

"वाट द्या रं. मयताला घाई हाय."